आधी मुक्काम, मग मिरवणूक

बयो,

तुझं घाटवाटांचं पान वाचलं. नाणेघाटापासून सांधणदरीपर्यंत सगळं एकाच पानावर मांडलंयस ते मला आवडलं. दहा पानं उघडायला लावून माणसाला दमवण्यापेक्षा हे बरं. पण वरंध घाटापर्यंत पोचेतो अंगठ्याला बाम चोळायची वेळ आली. वर अनुक्रमणिका हवी, तिच्यातल्या नावावर बोट ठेवलं की थेट त्या घाटापाशी पोचायला हवं. ते तू करणारच आहेस, असं तुझे बाबा म्हणाले. नेमकं काय, ते त्यांना सांगता येईना; "स्मूद स्क्रोल की काहीतरी" एवढंच आठवत होतं. तिथेच माझे कान टवकारले. म्हणजे तू सुरुवात गोडापासून केलीस तर! पान सरकतं कसं ते मागाहून बघ, थांबतं कुठे ते आधी बघ. आधी मुक्काम, मग मिरवणूक.

एवढं जीव तोडून का लिहितेय ते सांगते. दुसऱ्या पानाची लिंक तुटली तर निदान '४०४'ची पाटी तरी येते. पानातल्या पानात तुटली तर काहीसुद्धा होत नाही. # च्या पुढे जे लिहिलंस ते ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. तो आपला आपण पानात त्या नावाचा आयडी शोधतो आणि नाही सापडला तर गप्प बसतो. सर्व्हरच्या नोंदीत काही नाही, पडद्यावर काही नाही. वाचणारा दोनदा बोट दाबतो आणि निघून जातो. तुटली वाट ओरडत नाही, वाटसरूच परततो. म्हणून खालचे काही मंत्र तुला क्षुल्लक वाटतील, तरी पाळ.

नावं ठेवताना

१. जिथे पोचायचं त्या मथळ्यालाच आयडी दे, त्याच्या डोक्यावर रिकामा टॅग बसवू नकोस — रिकामा टॅग पुढच्या आवराआवरीत कुणीतरी कचरा समजून काढून टाकतं, मथळ्याला कुणी हात लावत नाही.

२. जुन्या धड्यांत ए टॅगला 'नेम' देऊन खूण केलेली दिसेल. ती बघून गोंधळू नकोस — टिम बर्नर्स-ली यांच्या अगदी सुरुवातीच्या पानांवरच्या लिंकांनाही 'नेम' होतं, तिथपासूनची ती रीत आहे. आता ती कालबाह्य ठरलीय आणि आयडी कुठल्याही टॅगला देता येतो.

३. एका पानात एक आयडी एकदाच — तेच नाव दोनदा आलं तर ब्राउझर पहिल्यापाशी जाऊन थांबतो, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तुझ्या प्रत्येक घाटाखाली 'कसं जायचं' हा मथळा आहे, तेव्हा आयडीत घाटाचं नाव जोड: naneghat-marg, malshej-marg, असं.

४. आयडीत मोकळी जागा सोडू नकोस, जोडरेघ वापर — मोकळी जागा तिथे नियमातच बसत नाही.

५. रोमन अक्षरांत लिहिशील ते सगळं लहान लिपीत लिही — लिंकमध्ये पहिलं अक्षर मोठं आणि आयडीत लहान, म्हणजे ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं.

६. आकड्याने सुरुवात करू नकोस — एचटीएमएल काही म्हणत नाही, पण सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे सिलेक्टर तिथे अडतात, आणि मग तू रात्री दोन वाजता मला फोन करतेस.

७. आयडी रोमन लिपीत ठेव, मथळा मात्र खुशाल मराठीत — देवनागरी आयडी चालतो, त्यात काही गैर नाही, पण लिंक कॉपी करून कुणाला पाठवली की प्रत्येक देवनागरी चिन्हाची तीन बाइट होतात आणि एकेका बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं. 'संपर्क' या शब्दात अनुस्वार आणि हलन्त धरून सहा चिन्हं आहेत. त्यांचा होतो चोपन्न अक्षरांचा गुंता. काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर तो पाठवलास तर त्या व्हायरस म्हणून पुसून टाकतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

८. तरीही देवनागरीचाच हट्ट असेल तर लिंक आणि आयडी हाताने दोनदा टाइप करू नकोस, एकातून दुसरीकडे कॉपी कर.

या आठव्यावर जरा थांबते, कारण हा खास आपल्या मराठीचा घोळ आहे आणि इंग्रजी धड्यांत तो सापडायचा नाही. 'दऱ्या' लिही बरं. त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी उमटतो. एका कीबोर्डवर 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर येतं आणि पुढे हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. तिसरीकडे साध्या र खाली नुक्ता देऊन तोच ऱ तयार होतो. पडद्यावर तिन्ही सारखे, तुझ्या-माझ्या डोळ्यांना काडीचा फरक नाही. पण आयडी जुळवताना ब्राउझर रूप बघत नाही, आतले संकेतांक बघतो. फोनवर टाइप केलेली लिंक आणि लॅपटॉपवर टाइप केलेला आयडी जुळत नाहीत, आणि तू शुद्धलेखन तपासत बसतेस. डोळ्याला एक, यंत्राला अनेक.

९. एकदा दिलेला आयडी बदलू नकोस. मथळ्याचे शब्द बदलले तरी आयडी जुनाच राहू दे — कुणीतरी ती लिंक ट्रेकच्या ग्रुपवर टाकलेली असते, कुणी वहीत लिहून ठेवलेली असते. नाव ठेवावं एकदाच, हाक यावी शंभरदा.

१०. मथळ्यावरून आपोआप आयडी बनवणारी साधनं असतात; महत्त्वाच्या मथळ्यांना तरी आयडी स्वतः दे — तू 'पावसाळ्यातील काळजी'चं 'पावसाळ्यातली काळजी' केलंस की साधन गुपचूप नवा आयडी बनवतं आणि जुनी लिंक मरते.

११. पानाच्या हेडमध्ये 'बेस' टॅग आहे का ते बघून घे — तो असला की नुसत्या # ची लिंक त्या बेसच्या पत्त्याला जाऊन चिकटते, आणि खाली सरकायच्या ऐवजी वाचणारा भलत्याच पानावर जाऊन पडतो. कारण सापडेपर्यंत माणूस स्वतःच्या बुद्धीवर शंका घेतो.

अनुक्रमणिका मांडताना

१२. मथळे तीनच असतील तर अनुक्रमणिका करू नकोस — विकिपीडियाच्या जुन्या रूपात चौथा मथळा आला की मगच ती आपोआप उगवायची. हिशेब शहाणा आहे, तोच धर.

१३. मथळ्यात जे शब्द, तेच लिंकमध्ये — 'माळशेज' दाबून 'पावसाळी भटकंती' या मथळ्यापाशी पोचलं की माणसाला चुकल्यासारखं वाटतं, बरोबर पोचला असला तरी.

१४. 'इथे क्लिक करा' लिहू नकोस — स्क्रीन रीडर वापरणारे पुष्कळदा पानावरच्या सगळ्या लिंकांची नुसती यादी काढून ऐकतात. त्यांना ओळीने अकरा वेळा 'इथे क्लिक करा' ऐकू येतं.

१५. लिंका यादीच्या टॅगमध्ये ठेव आणि यादी 'नॅव्ह'मध्ये. त्या नॅव्हला 'या पानावर' असं एरिया-लेबल दे — वर साइटचा मुख्य मेनूही नॅव्हच आहे, ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळे कळायला हवेत.

१६. एचटीएमएलच्या टॅगवर भाषा 'एमआर' लिहिलीयस ना? नसेल तर आत्ता लिही — स्क्रीन रीडर नाहीतर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचू लागतो.

१७. पोटमथळे सगळेच्या सगळे यादीत कोंबू नकोस — अनुक्रमणिकाच दोन पडदे भरली तर तिच्यासाठी आणखी एक अनुक्रमणिका लागेल.

१८. दोन लिंकांच्या मध्ये बोटाला जागा ठेव — सुलभतेच्या नियमावलीत, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलीय, आणि तेही कमीत कमी. तुझ्या आजीचं बोट धरून मोजलंस तर दुप्पट ठेवशील.

१९. पानाच्या अगदी सुरुवातीला 'थेट मजकुराकडे' अशी एक लिंक ठेव, जी टॅबचं बटण दाबल्यावरच दिसेल — कीबोर्डवर चालणाऱ्याला दर पानावर तुझा अख्खा मेनू ओलांडावा लागू नये. डब्ल्यूसीएजीत ही पहिल्या पायरीची अपेक्षा आहे आणि २००८पासून आहे, नवी नाही.

२०. ती लिंक लपवताना 'डिस्प्ले: नन' करू नकोस, पडद्याबाहेर सरकवून ठेव — 'नन' केलेल्या गोष्टीवर टॅब पोचतच नाही. मग ती लिंक ठेवली काय नि न ठेवली काय.

२१. 'वर जा'साठी वेगळा आयडी शोधत बसू नकोस, # पुढे 'टॉप' लिहिलंस तरी पुरतं — त्या नावाचा आयडी पानात नसेल तर ब्राउझरने थेट माथ्यावर न्यायचं, हे एचटीएमएलच्या नियमातच आहे.

२२. ते 'वर जा' बटण कोपऱ्यात तरंगत ठेवणार असशील तर फोनवर ते मजकुरावर बसतंय का ते बघ — वाचणाऱ्याला नेमका त्या बटणाखाली दडलेला शब्द हवा असतो.

मुक्कामाला पोचताना

अर्धी गंमत इथे फसते. लिंक बरोबर, आयडी बरोबर, पान बरोबर सरकलं, आणि मथळा गायब! तो वर चिकटवलेल्या हेडरच्या मागे असतो. ब्राउझरने सांगितलं तेच केलं: मथळा पडद्याच्या वरच्या कडेला नेऊन ठेवला. तिथे तुझा हेडर आधीच ठाण मांडून बसलाय, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

२३. एचटीएमएलच्या टॅगवर 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' दे, हेडरच्या उंचीहून थोडं जास्त — एकाच जागी एकदा लिहिलं की पानावरच्या सगळ्या उड्या नीट उतरतात. टॅबने फिरतानाही फोकस हेडरखाली दडत नाही.

२४. एखाद्याच मथळ्याला जास्त मोकळीक हवी तर त्याला 'स्क्रोल-मार्जिन-टॉप' दे — वरच्यात आणि यात फरक एवढाच की ते घराचं, हे खोलीचं.

२५. हे माप पिक्सेलमध्ये देऊ नकोस, 'रेम'मध्ये दे — ज्यांनी ब्राउझरचा मजकूर मोठा करून ठेवलाय त्यांच्याकडे तुझा हेडरही उंचावतो, मापही त्याच्याबरोबर वाढायला हवं.

२६. मराठीला चार बोटं जास्त सोड — आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रफार, वेलांट्या, अनुस्वार बसलेले असतात. इंग्रजी पानावरून उचललेलं माप लावलंस की 'वर्णन'चं 'वणन' होऊन बसतं.

२७. फोन आडवा धरला की हेडर चिकटलेला राहू देऊ नकोस. उंची कमी असेल तेव्हा त्याला साधा कर — आडव्या फोनवर हेडर निम्मा पडदा खातो आणि वाचायला दोन ओळी उरतात. टोपी मोठी नि तोंड झाकलं, असं नको.

२८. प्रत्येक फोटोला रुंदी आणि उंची लिही, मग लेझी लोडिंग लाव — उंची माहीत नसेल तर ब्राउझर फोटोसाठी जागा राखत नाही. वाचणारा मथळ्यापाशी पोचतो आणि वरचे फोटो उतरू लागले की मथळा खाली खाली ढकलला जातो. काही ब्राउझर हे सावरून घेतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

२९. देवनागरी फॉन्ट उशिरा येतो तेव्हाही ओळी वर-खाली होतात. शक्य तेवढी कमी वजनं उतरव — नुसता ठळक आणि साधा पुरे, नऊ वजनांचं प्रदर्शन भरवायचं नाहीये.

३०. शेवटचा भाग छोटा असेल तर तो पडद्याच्या वर जाणारच नाही, हे मान्य कर — खाली पानच उरलेलं नसतं, ब्राउझर सरकवणार कुठे? तुझ्या 'संपर्क'चं हेच होतंय. खाली रिकामी जागा भरून ते साधू नकोस.

३१. त्याऐवजी ':टार्गेट' हा सिलेक्टर वापर आणि पोचलेल्या मथळ्याला फिकट पिवळी पार्श्वभूमी दे — पान अर्ध्यात थांबलं तरी नजर बरोबर जागी जाते. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. माझ्या मते पानातल्या लिंकांच्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात कमी वापरली जाणारी नि सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे.

३२. जे लपवलेलं आहे तिथे लिंक नेऊ नकोस — टॅबच्या किंवा घडीच्या आत 'डिस्प्ले: नन' करून ठेवलेल्या मथळ्यापाशी ब्राउझर जाऊच शकत नाही, आणि मघाशी म्हटलं तसं, तो तक्रारही करत नाही.

आता मिरवणूक

चल, तुझा जीव ज्यात अडकलाय तिथे आलो.

३३. 'स्क्रोल-बिहेव्हियर: स्मूद' एवढंच लिही, बस — फायरफॉक्सला हे २०१५पासून, क्रोमला २०१७पासून आणि सफारीला मार्च २०२२पासून येतं. जुना ब्राउझर असला तर तो सरळ उडी मारतो, बिघडत काहीच नाही.

३४. ते एचटीएमएलवर लिही, बॉडीवर नाही — बॉडीवर लिहिलेलं पडद्याच्या स्क्रोलपर्यंत पोचत नाही. 'आत्या, लिहिलंय तरी चालत नाही' या तक्रारीत दर वेळी हेच निघतं.

३५. आतल्या एखाद्या डब्यालाच स्वतःचा स्क्रोल असेल तर स्मूद त्या डब्याला दे — सरकतो तो, त्यालाच सांगायला हवं.

३६. वेग बदलायचा नाद सोड — सीएसएसमध्ये त्याची सोय नाही, तो ब्राउझर ठरवतो. त्यासाठी लायब्ररी आणशील तर वाचणाऱ्याच्या बोटाशी भांडणारं पान तयार होईल.

३७. स्मूदची ओळ 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन: नो-प्रेफरन्स' या मीडिया क्वेरीच्या आत ठेव — म्हणजे ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करायला सांगितलंय त्यांच्याकडे पान सरळ उडी मारेल, बाकीच्यांकडे सरकेल.

या सदतिसाव्याला 'नंतर बघू' म्हणू नकोस. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास असलेल्या माणसाला पडदा सरसर सरकताना खरोखर गरगरतं, मळमळतं. डोळा म्हणतो आपण हललो, कान म्हणतो नाही. २०१३मध्ये आयफोनवर आयओएस ७ आली तेव्हा तिच्यातल्या पुढे-मागे झेपावणाऱ्या दृश्यांबद्दल लोकांनी अशाच तक्रारी केल्या होत्या. आज आयफोन, अँड्रॉइड, विंडोज सगळीकडे हालचाल कमी करण्याचं सेटिंग आहे. माणसाने एकदा तिथे सांगून ठेवलंय. दर पानाने त्याला पुन्हा विचारू नये, आणि न विचारता झोके तर मुळीच देऊ नयेत. तुझ्या पानाची लांबी बघता 'संपर्क' दाबणाऱ्याला अख्खा सह्याद्री डोळ्यांपुढून पळताना दिसणार आहे.

३८. खरं सांगू? इतक्या लांब पानावर साधी उडीही चांगली दिसते. स्मूदचा उपयोग 'आपण त्याच पानावर आहोत, खाली आलो' हे कळण्यापुरता. दोन-तीन पडद्यांच्या अंतरात तो शोभतो.

जावास्क्रिप्ट हातात घेण्याआधी

३९. सीएसएसने भागत असेल तर जावास्क्रिप्ट आणू नकोस — जेक्वेरीच्या काळात दुसरा इलाज नव्हता, म्हणून 'अ‍ॅनिमेट'चे ते लांबलचक तुकडे अजून सगळीकडे सापडतात. ते कॉपी करून चिकटवायचा मोह आवर.

४०. लिंकची मूळ वागणूक 'प्रिव्हेंट-डिफॉल्ट'ने थांबवलीस तर तीन गोष्टी तुझ्या गळ्यात पडतात: पत्त्यात # उमटवणं, मागे जायचं बटण चालू ठेवणं आणि फोकस हलवणं — ब्राउझर हे तिन्ही फुकट करत होता, तू त्याला घरी बसवलंस.

४१. पत्त्यात # उमटलाच पाहिजे — नाहीतर 'हा सांधणदरीचा भाग वाच' म्हणून पाठवलेली लिंक पानाच्या माथ्यावर उघडते आणि समोरचा तुलाच विचारतो, कुठाय?

४२. मागे जायचं बटण दाबलं की माणूस अनुक्रमणिकेपाशी परत यायला हवा, पानाबाहेर नाही — परतीची वाट मोडू नये, गेलेला पाहुणा पुन्हा फिरकत नाही.

४३. फोकस हलवायचा तर मथळ्याला 'टॅबइंडेक्स' उणे एक दे आणि मग फोकस कर — मथळ्याला एरवी फोकस घेता येत नाही. पान खाली सरकलं आणि फोकस वरच राहिला तर पुढचा टॅब दाबताच सगळं परत वर उडतं.

४४. 'स्क्रोल-इंटू-व्ह्यू' वापरताना तिथे 'स्मूद' असं ठोकून लिहू नकोस — कोडमध्ये लिहिलेलं सीएसएसमधल्या सगळ्या शहाणपणावर मात करतं, सदतिसाव्या मंत्रासकट. तिथे काहीच लिहिलं नाहीस तर तो सीएसएसचं ऐकतो.

४५. चालू भाग अनुक्रमणिकेत ठळक दाखवायचा असेल तर 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' वापर, स्क्रोलच्या प्रत्येक हालचालीवर मोजमाप करत बसू नकोस — स्वस्त फोन तेवढ्यानेच अडखळू लागतो. आणि नुसता रंग बदलून थांबू नकोस, 'एरिया-करंट'ही लाव. रंग ऐकू येत नाही.

४६. वाचणारा नुसता खाली जात असताना पत्त्यातला # बदलत राहायचा असेल तर 'रिप्लेस-स्टेट'ने बदल, 'पुश-स्टेट'ने नाही — नाहीतर पान एकदा खालपर्यंत वाचलं की बाहेर पडायला मागचं बटण पंधरा वेळा दाबावं लागतं.

पाठवण्याआधी

४७. # असलेली लिंक कॉपी करून खाजगी विंडोत नव्याने उघडून बघ — पान आधीच उघडं असताना सगळ्या लिंका गुणी वागतात. खरी परीक्षा थेट बाहेरून येणाऱ्याची.

४८. माउस बाजूला ठेव आणि टॅब-एंटरवर अख्खी अनुक्रमणिका फिरून ये. मग फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावून एकदा ऐक. कंटाळा येईल. तरी कर.

४९. मजकूर दुप्पट मोठा करून बघ, मग हालचाल कमी करण्याचं सेटिंग चालू करून बघ, मग जावास्क्रिप्ट बंद करून — तिन्हींत लिंक पोचली पाहिजे, कशी पोचली ते माफ.

५०. डब्ल्यू३सीच्या फुकट तपासनीसातून पान काढ — दोनदा आलेले आयडी तो ओळ क्रमांकासकट दाखवतो, आणि त्यांचाच लिंक तपासनीस # च्या पुढचं नाव पानात आहे का तेही बघतो. ब्राउझर गप्प बसतो, हा बसत नाही.

५१. नवा घाट पानात घातलास की त्याच बैठकीत अनुक्रमणिकेत त्याची ओळ घाल — उद्यावर टाकलेली ओळ पुढच्या पावसाळ्यातच आठवते.

५२. छपाईसाठी वेगळं सीएसएस लिही: 'वर जा' बटण आणि पक्का बसवलेला हेडर लपव, अनुक्रमणिका राहू दे — 'फिक्स्ड' हेडर प्रत्येक कागदावर पुन्हा छापला जातो आणि मजकुराच्या पहिल्या ओळी खातो. हसू नकोस, तुझं हे पान लोक छापून नेणार आहेत. दरीत उतरल्यावर मोबाइलच्या रेंजचा काय भरवसा? घाटांची नावं कागदावरही ओळीने दिसली पाहिजेत, म्हणून त्या यादीला साधे क्रमांक दे आणि तेच क्रमांक मथळ्यांनाही.

— आत्या